लंकेतल्या झिलाचं गाऱ्हाणं

नारळ फुटून कापराचा वास आला की मला घाटकोपरच्या डोंगरावरची आमची चाळ आठवते. सगळी कोकणातली माणसं. गणपतीत कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा गाऱ्हाणं घालायचे आणि त्यांच्या प्रत्येक मागण्याला आम्ही बेंबीच्या देठापासून "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचो. शेजारचा मुलगा शांतिसेनेतून श्रीलंकेला गेला, "येताना सोन्याच्या विटा आणतो रे" म्हणून हसत गेला, त्या वर्षी आजोबांनी एक मागणं वाढवलं: "आमचो झील लंकेत लढाईक गेलो आसा, तेका सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा!" आमच्या ओरडण्याने पत्रे दणाणले. उन्हाळ्यात तो आला, पण पेटीतून. मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं. पुढच्या गणपतीला, त्याला जाऊन वर्ष फिरलं नव्हतं म्हणून, त्याची आई आत न येता दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिली. आजोबांनी नेहमीसारखे डोळे मिटले, गाऱ्हाणं सुरू केलं आणि सवयीने तेच मागणं तसंच्या तसं मागून मोकळे झाले. आमची तोंडं उघडली ती तशीच राहिली. कुणीतरी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. तेवढ्यात चपलांच्या ढिगामागून एकच आवाज आला, त्याच ठरलेल्या चालीत: "व्हय म्हाराजा." आता माझाही मुलगा लांब नोकरीला असतो. त्याच्यासाठी गाऱ्हाणं घाला, असं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.