धाब्यावरची वाटी

कुर्दिस्तानातल्या हवरामानच्या डोंगरात नवी सून होऊन आलेल्या पीरोजने घराच्या सपाट मातीच्या छतावरचं, धाब्यावरचं, सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं होतं.

"अहो, फावडं ठेवा. बर्फात द्राक्षाची काकवी कालवलीय, वितळेल."

"आधी बर्फ लोटू दे," सासरे म्हणाले.

"मग बसा जन्मभर लोटत," सासू फणकारली.

त्याच दिवशी सासरे धाब्यावरून घसरून पडले आणि गेले. तेव्हापासून बर्फ पडला की रिकाम्या धाब्यावर फावड्याची खरखर ऐकू येई. सासूच्या त्या शब्दातून ते सुटावेत म्हणून दर बर्फाला, सासू होती तोवर तिने आणि तिच्यामागे पीरोजने, बर्फ-काकवीची वाटी वर नेली.

खाली लोटलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर घसरगुंडी खेळणारी पीरोजची नातवंडं चिडवायची, "आजी, कावळे खातात ते."

"आणि फावडं कोण ओढतं? कावळेच?"

आयुष्यातल्या शेवटच्या हिवाळ्यातही ती दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढली. मागे फावड्याची खरखर चालूच होती. वळून न बघता तिने वाटी ठेवली.

"मामंजी, आधी खाऊन घ्या," म्हणाली आणि नेहमीसारखी सावकाश खाली उतरली.