आखूड दांडीचा टँकर

आमच्या टँकरची दांडी आखूड होती. ट्रॅक्टरला टँकर जोडणारी ती लोखंडी दांडी हातभर लांब असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

आटपाडीकडची आमची मेंढरं दुष्काळात विकून झाली आणि सातवीत शाळा सोडलेला मी औरंगाबादला आलो. ओळख ना पाळख, तरी टँकरच्या मालकांनी राहायला पत्र्याची खोली दिली, ट्रॅक्टर शिकवला. एकच गोष्ट ते सारखी बजावायचे. "मागं घेताना स्टेअरिंग पुरतं वळवायचं नाय. दांडी आखूड हाय, टँकरचा कोपरा चाकावर येतो. थोडं मागं, थोडं पुढं, दोन-तीन दमात घे."

पैठण रोडच्या बाजूला नवी गुंठेवारी वस्ती उठली होती. जायकवाडीची मोठी पाइपलाइन शेजारून शहरात जायची, वस्तीत मात्र नळ नाही. दर चौथ्या दिवशी माझा टँकर, तेवढंच पाणी. गल्ली पुढं बंद, म्हणून टँकर उलटाच आत घ्यावा लागे. कोपऱ्यावरच्या घरातली मावशी ओट्यावर उभी राहून हात करायची. "ये, ये... बस." तिनं बस म्हटलं की मी थांबायचो.

त्या दिवशी अजून दोन वस्त्या राहिल्या होत्या. एका दमात बसवू म्हणून मी स्टेअरिंग पुरतं वळवलं. मावशी "थांब, थांब रं" म्हणत होती. मला ऐकू आलं होतं. टँकरचा कोपरा ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डात घुसला, टँकर हिसका खाऊन फिरला आणि मागचा कॉक ओट्याच्या दगडावर आपटून तुटला. सगळं पाणी गल्लीत. बायका ताटल्या, तांबे घेऊन धावल्या आणि खळग्यातलं गढूळ पाणी भरायला लागल्या. मला शिव्या द्यायला कुणाला सवड नव्हती.

मालक आले. "कसं काय झालं?"

"मावशीनं ये म्हणलं," मी बोललो.

मालक तिच्याकडं वळले. "बाई, गाडीतलं कळत नाय तर हात कशाला करता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय, चुकलं माझं. पोराला कामावरून नका काढू."

चार दिवसांनी गेलो तर तिचे हंडे रांगेत सगळ्यात मागं होते. ती ओट्याकडं निघाली तशी शेजारीण म्हणाली, "तुम्ही नका उभं राहू आता. मागच्या टायमाला अख्खी गल्ली तहानली." मावशी मागं फिरली.

मी खाली उतरून मागं बघायचो, परत वर चढायचो. असं करत पाच दमात टँकर लावला. कॉक उघडायच्या आधी म्हणालो, "मावशी थांबच म्हणत होत्या. मीच थांबलो नाय."

"मग त्या दिवशी दातखीळ बसली व्हती का?" शेजारीण म्हणाली. "मालकाला सांगितलंस?"

मी कॉकला हात घातला.

"सोड बाबा पाणी," मावशी म्हणाली. "ऊन चढायलंय."

तिचे हंडे कुणीतरी पुढं सरकवले.

मालकांना मी सांगितलं नाही. पुढं सात वर्षं त्यांच्याकडं काढली, तरी नाही. सणाला ते मला घरी जेवायला बोलवायचे. पाहुण्यांना म्हणायचे, "लई प्रामाणिक पोरगं." मी ताटाकडं बघत जेवायचो.