रिकामं जहाज आणि रफीक सर

उत्तरपत्रिकेत 'आपोआप' हा शब्द दिसला की रफीक सर त्याभोवती लाल गोल काढायचे आणि समासात लिहायचे, 'कारण लिहा.' बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. वर्गातला पंखा आपोआप बंद पडला असं कुणी म्हटलं, तरी गरजायचे, "आपोआप काही होत नसते बे! कारण सांग, नाही तर चूप बस."

माझा धाकटा भाऊ विनोद त्यांचा लाडका. तो मालवाहू जहाजावर लागला, तेव्हा सरांनीच शाळेत पेढे वाटले. दोन वर्षांनी जहाजावरून निरोप आला: इंजिनला आग लागली आहे, सातही जण तराफ्यात उतरतोय. जागा सांगायच्या आत आवाज तुटला. नऊ दिवसांनी जहाज सापडलं, तरंगत असलेलं, रिकामं. टीव्हीवाल्यांनी दिवसभर 'भुताचं जहाज' दाखवलं. इकडे माय अन्नाला शिवत नव्हती आणि ह्यांचं भयाण संगीत चाललेलं! लाज कशी वाटत नाही?

शोध सुरू झाला तो जहाज सापडलं त्या जागेभोवती. ते ऐकून सर तणतणत आमच्या घरी आले.

"ताई, उपणताना भुसा कुठी जाते?" त्यांनी मायला विचारलं.

"दूर उडते."

"अन् दाणा?"

"पायापाशीच पडते."

"बस! रिकामं जहाज म्हणजे भुसा. पाण्यावर उंच उभं, वारा त्याले ढकलत नेते. तराफा बसका. त्याच्या खाली पाण्यानं भरलेल्या पिशव्या असतेत, तो पाण्याच्या ओढीनं जाते. वारा एकच, पण दोघांच्या वाटा अलग. अन् हे शहाणे भुशात दाणे शोधून राह्यले!"

आयुष्यभर खळ्यात तिव्यावर, त्या तीन पायांच्या उंच घोडीवर, उभी राहून धान्य उपणत आलेल्या मायला ते तिथल्या तिथे पटलं. शोध चालवणाऱ्या साहेबांना पटायला मात्र मुहूर्त लागणार होता.

जहाज सापडलं तिथून नऊ दिवसांचा वारा उलटा मोजत सरांनी आगीची जागा काढली, तिथून प्रवाह मांडला आणि नकाशावर दक्षिणेला, प्रवाह घुटमळतो तिथे, एक गोल काढला. आम्ही दोघं तो नकाशा घेऊन शोध चालवणाऱ्या मुंबईच्या कचेरीत गेलो. साहेबानं नकाशा उलगडलासुद्धा नाही. हसून म्हणाला, "मास्तर, बुलढाण्यात समुद्र आहे का हो?" माझं रक्त उसळलं. सरांनी माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाले, "समुद्र नाही, साहेब. वारा आहे."

चार दिवसांनी शोध थांबवला. महिन्याभरानं कोळ्यांना तराफा मिळाला, सरांच्या गोलाच्या आतच. तोही रिकामा. पिण्याच्या पाण्याची पाकिटं मात्र एकूण एक फोडून संपवलेली. म्हणजे पोरं जिवंत होती हो! कित्येक दिवस जिवंत होती, वाट बघत होती.

कचेरीचं पत्र आलं: 'सदर तराफा आपोआप वाहत त्या ठिकाणी गेला असावा.' सरांनी ते दोनदा वाचलं. खिशातून लाल पेन काढून त्यांनी 'आपोआप'भोवती गोल काढला, समासात दोन शब्द लिहिले आणि चष्मा काढून पोरासारखे रडले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. ते पत्र मायनं देव्हाऱ्यात विनोदच्या फोटोमागे ठेवलंय. त्याची एक प्रत मी दर वर्षी त्या कचेरीला पाठवतो, लाल शाईसकट. पोच येते. कारण अजून आलेलं नाही.