गुडघ्यावरचा हात

माझ्या भावाला लंगडायला मी शिकवलं. इतकी वर्षं लाजेपोटी बोलले नाही, पण आता सांगूनच टाकते.

तीन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला अन् डावा पाय वाळला. असा पाय गुडघ्यात मोडतो. म्हणून पोरगं डाव्या हातानं गुडघा दाबून चालायचं अन् दर पावलाला वाकायचं. आमचे बाबा तेव्हाच्या आंध्रातल्या वांकिडीकडं दुसऱ्याच्या कापसात राबणारे. पाटलापुढं, पटवाऱ्यापुढं वाकून जन्म गेलेला. पोराचं वाकणं त्यांना बघवेना. त्यांनी गोडेतेलाचा रिकामा डबा पाण्यानं भरला, पोराच्या डाव्या हातात दिला अन् रोज बांधावरून चालवायला लागले. हात गुडघ्याकडं गेला की पाणी सांडायचं.

"आपन कोनापुढं वाकाचं नाही," एवढंच म्हणायचे. पोरगं पडायचं, रडायचं, अन् मी बाबांना कसाई म्हणायची. पण तीन वर्षांनी तो विहिरीपासून घरापर्यंत डबा न सांडता यायला लागला. पाय झटक्यानं फेकायचा, कंबर हलायची, पण मान ताठ.

पुढं मी मास्तरीण झाले. तो शिलाई शिकला, उजव्या पायानं मशीन चालवायचा. मग बाजारात तयार कपडे आले अन् त्याचं मशीन धूळ खात पडलं. माझ्याकडून रुपया घेईल तर शपथ. बाबांचंच रक्त ते. तेव्हा आंध्रचं सरकार अपंगांना पेन्शन देत होतं. ती हक्काची, तिला कोणाचे उपकार नाहीत, असं सांगून मी त्याला तयार केलं अन् दर्खास्त लिहून दिली. पण पेन्शनीला सरकारी शिबिरातल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागे, अन् त्यावर चाळीस टक्के तरी अपंगत्व पाहिजे. घोडं तिथंच पेंड खाणार होतं, पण आम्हाला कुठं ठाऊक?

शिबिराला जायचं म्हणून बाबांनी तांब्यात निखारे घालून त्याच्या पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. साहेबासमोर जायचं तर नीटनेटकं जावं, ही आमच्या घरची रीत. डॉक्टर तरणा होता. त्यानं तेलुगूत सांगितलं, भिंतीपर्यंत चालून दाखव. अन् माझा भाऊ चालला. जन्मात चालला नसेल इतका ताठ चालला. दारात उभ्या बाबांचे डोळे भरून आले. डॉक्टरही खूश झाला, शाबास म्हणाला, अन् कागदावर त्यानं पस्तीस टक्के लिहिले.

बाहेर कारकून म्हणाला, नाही बसत. आग लागो त्या टक्क्यांना! तोच पोरगा दारात दोनदा पडला असता तर बसला असता.

वर्षभरानं पुन्हा शिबिर लागलं. या वेळी मी आधीच्या आठवड्यात माहेरी गेले अन् त्याला अंगणात उभं केलं. म्हटलं, हात गुडघ्यावर ठेव, वाक, पाय ओढ.

"मी काऊन तसा चालू, बाई?"

"पोट भराचं हाय म्हून," मी म्हटलं. वर्गात पोरांना दटावते तसंच म्हटलं.

तो चालला. चुकला की मी परत चालवायची. बाबा बाजेवर बसून पाहत होते. थोड्या वेळानं उठले अन् ऊन असून बांधाकडं निघून गेले.

या खेपेला डॉक्टरनं साठ टक्के लिहिले. पहिल्या पेन्शनीतून भावानं बाबांना चपला आणल्या. बाबांनी त्या एकदाही घातल्या नाहीत. शेजारच्या गावात एकजण नीट चालतो अशी कोणीतरी तक्रार केली अन् त्याची पेन्शन बंद पडली, हे ऐकल्यावर मीच भावाला बजावलं, घरातसुद्धा हात काढू नको, दारं उघडी असतात. तो मुकाट ऐकत गेला. वर्षांमागून वर्षं गेली.

बाबा गेले तेव्हा तिरडीला पुढून खांदा द्यायचा मान त्याचाच. तो मागं उभा होता, गुडघ्यावर हात ठेवून. जवळ जाऊन म्हटलं, आज तरी ताठ चाल, बाबांसाठी. आज कोणी तक्रार करणार नाही.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हात काढला, तिरडीखाली खांदा लावला, एक पाऊल टाकलं अन् गुडघा मोडला. मागच्या दोघांनी तिरडी सावरली म्हणून बरं. मला वाटलं, लोकांच्या भीतीनं पडला. त्याला उठवायला वाकले तर माझ्या कानाशी म्हणाला, "आता सोंग नाही, बाई. लय दिवस झाले. हात काढला का पडतोच."

बाबांना चौथा खांदा शेजाऱ्यानं दिला.

सर्टिफिकेटाची मुदत संपली तेव्हा पुढच्या तपासणीला मीच त्याला घेऊन गेले. काही शिकवावं लागलं नाही. डॉक्टरनं मागच्यापेक्षा जास्त टक्के लिहिले. कारकुनानं मोहर मारली अन् कागद माझ्या हातात दिला. म्हणाला, हे आता कायमचं, परत यायचं काम नाही.