बॉयलरपुढच्या माणसाचं पुस्तक

ते पुस्तक मीच निवडलं होतं, हे आधी सांगते. नाहीतर सगळा संताप मी दुसऱ्यांवर काढला असं वाटेल.

विंचूरजवळ कांदा सुकवण्याचा एक कारखाना आहे, तिथे मी वाफ, पाणी आणि विजेची व्यवस्था बघते. कांद्याचे काप वाळवायला गरम हवा लागते आणि ती हवा तापवायला बॉयलरची वाफ. बॉयलर चालवायला सरकारी प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे असे प्रमाणपत्रवाले मोजकेच. त्यातले सगळ्यांत जुने ते मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं, तेव्हा बॉयलरच्या भट्टीत दहा-दहा वर्षं इंधन टाकणाऱ्या दोघांना परीक्षेला बसवायचं ठरलं. एक निफाडकडचे, चाळिशी ओलांडलेले, कमी बोलणारे. दुसरा पस्तिशीचा, माझ्याच बसने नाशिकहून येणारा. घरी गुलाब आणि मेथी-शेपूचा मळा, पहाटे माल मार्केटला पोचवून मग कामावर येणारा.

मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, दोघांसाठी चांगलं पुस्तक बघा. मराठीत. जरा रंगीत असलं तर बरं, वाटपाचा फोटो टाकायचाय."

मी शनिवारी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात गेले. तांबडं, चकचकीत पुस्तक दुकानदाराने काढून दिलं. अनुक्रमणिका बघितली, मागे सराव प्रश्न आहेत हे बघितलं, दोन प्रती बांधून घेतल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत.

आता स्वतःचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी ऊर्जा लेखापरीक्षणाची परीक्षा दिली. त्या वेळी पुस्तक ठरवायला मला महिना लागला होता. तीन जणांना फोन केले, एका मैत्रिणीकडून जुनी प्रत आणून आठवडाभर वाचली, मग विकत घेतलं. माझ्या परीक्षेसाठी महिना, आणि आगीसमोर उभं राहणाऱ्या माणसांसाठी दहा मिनिटं. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

फोटो निघाले. दोघांनीही अभ्यास मनावर घेतला. बसमध्ये मळेवाला डोळे मिटून ओठ हलवत बसायचा. मला भारी समाधान वाटायचं.

महिन्याभराने एका दुपारी मी बॉयलर हाऊसमध्ये गेले तर डबे संपवून तिघं बसले होते. मामा तोंडी परीक्षा घेत होते.

"काचेत पाणी दिसेना झालं. काय करशील?"

बॉयलरच्या अंगाला एक उभी काचनळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ती रिकामी दिसली की समजायचं, आतल्या नळ्या पाण्याविना तापताहेत.

मळेवाल्याने खडाखडा उत्तर दिलं, "ताबडतोब फीड पंप सुरू करून बॉयलरमध्ये पाणी भरावे."

मामा हळू आवाजात म्हणाले, "तू मरशील. बाजूला मी असलो तर मी पण मरंल. लाल झालेल्या नळीवर गार पाणी? आधी आग बंद, भट्टीच्या हवेचा पंखा बंद. पाण्याला हात लावायचा नाय. हे कुठं वाचलं?"

"मॅडमनी दिलेल्या पुस्तकात."

मामांनी पुस्तक मागितलं. चष्मा लावून, बोट फिरवत ते वाक्य वाचलं. आणखी दोन पानं वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ज्यानं लिहिलं त्यानं बॉयलर पाह्यलेला नाय."

मी पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आले आणि पहिल्यांदाच ते नीट वाचलं. वाफेबरोबर पाणी उसळून पाइपात जातं, त्याला प्रायमिंग म्हणतात. पुस्तकात लिहिलं होतं, प्रायमिंग म्हणजे बॉयलरला रंगाचा पहिला हात देणे. तळाचा गाळ झडप उघडून बाहेर सोडतात, त्या ब्लोडाऊनचं झालं होतं 'खाली फुंकणे'. कोणीतरी इंग्रजी वाक्यं एकेक करून मराठीत ढकलली होती आणि पुन्हा एकदाही वाचली नव्हती. मुखपृष्ठावर लेखकाच्या जागी 'तज्ज्ञ मंडळ'. हसू येण्यासारखं होतं. पण एक माणूस हे रोज पाठ करत होता. माझ्यावर विश्वास ठेवून.

आतल्या पानावरच्या नंबरवर मी फोन लावला. प्रकाशनातल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, आमचे अनुवादक एम. ए. आहेत."

"त्यांनी बॉयलर बघितलाय का?"

"पुस्तक लिहायला बॉयलर कशाला बघायला पाहिजे?"

"अहो, या वाक्यावर विसंबून माणूस मरू शकतो."

"असं कोण पुस्तक बघून बॉयलर चालवतं? परीक्षेपुरतं असतं हे. पुढच्या आवृत्तीत बघू."

परीक्षेपुरतं! माझ्या इंग्रजी पुस्तकात एका आकड्याची चूक निघाली तर दुरुस्तीचं पत्रक येतं. आणि मराठीत वाचणाऱ्या कामगाराला काहीही दिलं तरी चालतं, कारण तो फोन करून भांडणार नाही हे यांना ठाऊक असतं. भांडणार कसा? छापलेलं खरं असतं असंच त्याला शाळेपासून शिकवलेलं. मी चुकांची यादी करून पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी मी मामांना म्हटलं, "दुसरं पुस्तक घ्यायला तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी दुकानात येऊन काय करू? मी सातवी शिकलेलो."

"ते काचेतल्या पाण्याचं एक पान तुम्ही वाचा. बाकीचं मी बघते."

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुकानदाराला मी तांबडं पुस्तक दाखवून चूक सांगितली. तो म्हणाला, "सगळे हेच नेतात, मॅडम. आजवर एकाची तक्रार नाही. आणि वापरलेलं परत घेत नाही आम्ही."

"परत घेऊ नका. विकणं तरी थांबवा."

"ते माझं काम आहे का?"

मामा आमच्या बोलण्यात पडले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि बॉयलरवरची होती नव्हती ती सगळी पुस्तकं मागितली. पाच निघाली. प्रत्येकात ते फक्त काचेत पाणी न दिसण्याची जागा शोधत. एकात तो विषयच नव्हता. दोन पुस्तकांत तेच वाक्य शब्दशः, म्हणजे चोरीचाच माल. चौथ्यात बरोबर होतं पण अर्धवट. दुकानदार वैतागला. "काका, घरी नेऊन वाचायचं असतं."

"घरी न्यायचं का नाय, तेच बघतोय," मामा म्हणाले.

पाचवं अगदी मरतुकडं होतं. पिवळट कागद, हाताने काढल्यासारख्या आकृत्या. मामांनी ते पान दोनदा वाचलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. "हा माणूस बॉयलरपुढं उभा राह्यलाय," म्हणाले. आम्ही ते घेतलं.

मळेवाल्याला पाठ केलेलं विसरणं नव्याने शिकण्यापेक्षा जड गेलं. बोलता बोलता जुनं वाक्य तोंडात यायचं आणि तो स्वतःच दचकायचा. परीक्षेत निफाडकर पहिल्या झटक्यात पास झाले. मळेवाला तोंडीला अडखळला, नापास झाला. मला म्हणाला, "मॅडम, माझंच डोकं चालत नाय." हे ऐकून मला जेवढी चीड आली तेवढी त्या फोनवरही आली नव्हती. मी त्याला सांगितलं, "तुझं डोकं चांगलं आहे. मी तुला खोटं पुस्तक दिलं." सहा महिन्यांनी तो पुन्हा परीक्षेला बसला आणि पास झाला. पण ते सहा महिने त्याला कोणी परत देणार नाही.

या महिन्यात इलेक्ट्रिशियन लोकांसाठी पुस्तकांची यादी करायची आहे. मॅनेजर एक तयार यादी घेऊन माझ्या सहीसाठी तीनदा येऊन गेले. मी सांगितलं, जे वापरणार आहेत ते दुकानात बसून वाचतील, मग सही.

"उगाच लांबवताय तुम्ही," ते म्हणाले.

"हो, लांबवतेय," मी म्हटलं, आणि कागद त्यांच्याकडे परत सरकवला.