घरघरणारी हार्डडिस्क

आदिलाबादच्या बसस्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. कितीदा गेलो, पण नाव कधी विचारलं नाही. कुणी सगळ्यात नवी, सगळ्यात वेगवान एसएसडी डिस्क मागितली की ते मान वर न करता म्हणतात, "घरच्या कामाले काऊन पायजे? साधी एसएसडी लावा. तुमाले फरक समजनार बी नाई."

जुनी डिस्क काढण्याआधी मात्र ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून तिच्यातले सगळे फोटो बघायला लावतात. मला याचा वैताग यायचा.

त्यांच्या टेबलावर एक जुनी हार्डडिस्क वायरीने कॉम्प्युटरला जोडलेली असते, कायम घरघरत. परवा माझी डिस्क बदलायला गेलो तेव्हा मी विचारलं, "ही कोनाची हाय, भाऊ?"

"माहीच. नवी लावाच्या घाईत पुसून टाकली. घरवालीचे फोटो हिच्यातच होते. ती वारल्यावर ध्यानात आलं. तवापासून शोधून राह्यलो."

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली : शोध पूर्ण, शून्य फाइली. त्यांनी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा. तुमचे फोटो पाहून घ्या. घाई नाई."

त्या दिवशी मी एकेक फोटो पाहिला.