खंडेनवमीचा रिकामा दोर

बिबवेवाडीच्या रणजितला बोलतं करायचं असेल तर कॅमचा विषय काढावा. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस मग समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नसे. कॅम म्हणजे त्याच्या कंपाउंड धनुष्याच्या दोन टोकांवरची चाकं. घरची शेतं आयटीवाल्यांच्या सोसायट्यांखाली गेली, भाऊबंद बिल्डर झाले, आणि हा पठ्ठ्या मार्केट यार्डातल्या पोत्यांत चिंध्या भरून त्यांवर बाण मारत राहिला. भाऊबंद हसायचे. हसेनात का, त्यांना फक्त गुंठे कळतात.

त्याचं पहिलं धनुष्य एका कॅमचं होतं. खालचं चाक लंबगोल, वरचं साधं गोल. ओढायला मऊ, आणि पूर्ण ताणल्यावर हात जरा सैल पडला तरी सांभाळून घेणारं. पण बाण संथ. म्हणून त्याने ते सरावाला येणाऱ्या नम्रताला देऊन टाकलं आणि अमेरिकेतल्या चुलतभावाकडून खास शिकारीसाठी बनवलेलं दुहेरी कॅमचं मागवलं. त्याची दोन्ही चाकं लंबगोल. बाण सणसणत जायचा, पण ताणलेल्या हाताने केसभर ढिलाई केली की दोर हिसका मारून पळायचा. रणजितला त्या वेगाचीच गरज होती. राज्य संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती, आणि खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळण्याचं त्याचं वय याच वर्षी संपत होतं. पुढची संधी नव्हतीच.

घरात खंडेनवमीची एक रीत होती. शस्त्रपूजा झाली की वडीलधाऱ्याने हत्यार एकदा चालवून दाखवायचं. घरची तलवार कधीच वाटणीत गेली होती, त्यामुळे आबा, म्हणजे रणजितचे वडील हिंमतराव, दरवर्षी मुलाचं धनुष्यच ताणायचे आणि दोर हळूच परत आणायचे. जुन्या धनुष्याने त्यांचे हे लाड मुकाट्याने पुरवले होते.

यंदा हळदकुंकू लावलेलं नवं धनुष्य आबांनी उचललं, तेव्हा रणजितच्या अगदी ओठांवर आलं होतं की हे तसं नाही. पण पाहुणे बसलेले, आई आनंदीबाई निरांजन घेऊन उभी. चारचौघांत बापाच्या हातातून हत्यार कसं काढून घ्यायचं? आबांनी दम लावून दोर ओढला. शेवटी चाकं वळून ओझं एकदम हलकं झालं तसे ते लहान मुलासारखे हसले, आणि दरवर्षीच्या सवयीने हात सैल केला.

दोर बोटांतून निसटला. रिकामा दोर सुटला की बाणाला मिळायचं सगळं बळ धनुष्याच्याच अंगावर येतं. वरचं चाक वाकलं, धनुष्याचं लवचिक पातं चिरलं, दोर लोंबत राहिला. आबांचा चेहरा पांढराफटक पडलेला रणजितला बघवेना.

"काही नाही आबा, चाक निघालंय. बसवतो," तो म्हणाला.

कसलं बसवतो! तसं चाक आख्ख्या पुण्यात मिळणार नव्हतं. दसऱ्याला लोक सोनं वाटत होते आणि हा नम्रताच्या दारात उभा होता. बिचारी म्हणाली, घेऊन जा. पण तिने त्या धनुष्याची ओढ स्वतःच्या हातांच्या मापाने कमी करून घेतली होती. रणजितने ओढून पाहिलं तर दोर हनुवटीपर्यंत यायच्या आतच अडला. त्याच्या मापासाठी कॅमच बदलावा लागला असता. शिवाय तिचीही निवड त्याच दिवशी होती. परतताना मंडईपाशी त्याने गाडी थांबवली आणि झेंडूच्या ढिगांआड भर दुपारी ढसाढसा रडला.

निवडीच्या सकाळी आबा फेटा बांधून दारात तयार. यंदा तेही बघायला येणार होते. येऊ नका म्हणायला रणजितने तोंड उघडलं, आणि धनुष्याची पेटी उचलली. रिक्षात आबा सारखे बोलत होते. मुलगा साहेब झाला की भाऊबंदांना पेढे स्वतःच्या हातांनी देणार होते. रणजित खाली मान घालून हूं हूं करत होता.

मैदानावर आधी धनुष्य तपासायची पद्धत असते. नावाचा पुकारा झाला. रणजितने टेबलावर पेटी ठेवून उघडली. तपासनिसाने वाकडं चाक पाहिलं, पेटी मिटली आणि पुढचं नाव घेतलं.

आबा मागेच उभे होते. त्यांनी पेटी पुन्हा उघडली. चाकावर हळदकुंकू तसंच होतं. बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"नवमीलाच सांगायचं होतंस," ते म्हणाले, "की हे निराळं हाय. मी हात तरी लावला असता का?"